पाण्याखालची गाडीवाट

धरणाचं पाणी उतरायला लागलं की वाडीतली माणसं खूश व्हायची आणि सरूबाईची झोप उडायची. लोकांच्या खुशीचं कारण सरळ होतं. पाणी मागं हटलं की बुडालेली रानं उघडी पडत, आणि त्या ओल्या गाळात ज्यानं त्यानं आपापल्या जुन्या रानावर हरभरा टाकायचा, कुणी काकडी लावायची. पण पाणी जसं खाली जाई तशी होडीही खाली जाई. पावसाळ्यात परसाच्या कुडाशी बांधलेली होडी माघ सरता सरता पार उताराच्या तळाशी जाऊन बसे, आणि मधला सगळा गाळ माणसानं तुडवायचा. हा गाळ मोठा लबाड. वरून वाळलेला, भेगा पडलेला, आणि पाय टाकला की गुडघ्याएवढा आत. मागं एकदा सोनबाची म्हैस त्यात रुतली होती, तर तिला काढता काढता सगळी वाडी चिखलात लोळली. म्हैस निघाली, पण सोनबाचं धोतर काही शेवटपर्यंत सापडलं नाही.

सरूबाईला काळजी म्हशीची नव्हती, पोराची होती. अजित तिचा एकुलता एक मुलगा. चांगला शिरवळला कंपनीत कामाला होता, धडधाकट, दोन हातांवर दोन पोती उचलणारा. आणि एकाएकी पाय सुजले, तोंड सुजलं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निघालं. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी त्याला नसरापूरच्या पुढं हायवेकडच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. चुकवायची सोय नाही. पावसाळ्यात एकदा वारा सुटला म्हणून खेप चुकली होती, तर दुसऱ्या दिवशी त्याला श्वास पुरेना. बहिणीकडं, गायत्रीकडं नसरापूरला राहूनही पाहिलं. गायत्रीनं जीव टाकला भावावर, पण हा रात्रंदिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा. शेवटी म्हणाला, मला माझ्या घरात निजू दे, आई. मग त्याची बायको माधुरी त्याला घेऊन परत आली ती आलीच.

आणि घर म्हणजे होडी आली. पलीकडच्या डांबरी रस्त्यावर जीप मिळे. अलीकडून डोंगराला वळसा घालून एक कच्चा रस्ता होता खरा, पण त्या रस्त्यानं गेलेल्या धडक्या माणसाचीही हाडं खिळखिळी होत, अजितची काय कथा. होडी अजितच्याच बापाची, साहेबरावांची. पत्र्याची, दोन वल्ह्यांची. साहेबराव म्हणजे होडीच्या बाबतीत भारी कडक माणूस. होडीत उभं राहायचं नाही. दारू प्यालेल्याला घ्यायचं नाही, मग तो सरपंच का असेना. वारा सुटला की गप बसून राहायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पाण्याखाली काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय तिथं होडी घालायची नाही. आजवर त्यांच्या होडीतून कुणी पाण्यात पडलेलं नव्हतं. ह्याचा त्यांना अभिमान होता, गरजेपेक्षा थोडा जास्तच होता, आणि सरूबाई तसं त्यांना तोंडावर म्हणायची.

गाळातून वाट काढायचं कामही त्यांचंच. त्याची एक रीत होती. धरणाआधी जुन्या गावातून ओढ्याच्या उताराकडं बैलगाडीची वाट जायची, दगड-मुरूम ठोकून केलेली. रानं पाण्याखाली मऊ झाली तरी ती वाट घट्ट राहिलेली. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी हटलं की साहेबराव वासा घेऊन गाळात उतरायचे, तो खाली टोचत घट्ट वाट धरायचे, आणि दोन्ही अंगांना निरगुडीच्या काठ्या रोवत जायचे. मग प्रत्येक घरानं त्यावर मुरमाच्या पाट्या आणून टाकायच्या. वाटेवर कुणी पेरायचं नाही, ढोर बांधायचं नाही. वाट धरायची खूण म्हणजे आंब्याचं खोड. जुन्या गावातला आंबा धरण होताना तोडला होता, त्याचं बुडखं तेवढं राहिलेलं. पाण्यातून सगळ्यात आधी ते डोकं वर काढायचं. पाण्याकडं तोंड करून उभं राहिलं की खोडाच्या उजव्या हाताला गाडीवाट, डाव्या हाताला वाडीतल्याच कोंडिबाचं रान. लहान पोरालाही पाठ होतं.

ह्या वर्षीही खोड वर आलं. कोंडिबानं आपल्या बाजूला खोडापर्यंत ट्रॅक्टर फिरवून हरभरा टाकला. साहेबरावांनी खोडाच्या उजवीकडं काठ्या रोवल्या. सगळं रीतीप्रमाणं झालं, आणि तरी कुठं माशी शिंकली कळेना. वाट धरेना. वासा खाली जायचा तो जायचाच. साहेबराव म्हणाले, औंदा गाळ जास्ती साचलाय, मुरूम टाका. वाडीनं मुरूम टाकला. मुरूम दिवसभर वर दिसायचा आणि सकाळी गायब. माधुरी आणि सरूबाई डोंगरातून कारवीचे भारे तोडून आणायच्या, आडवे टाकायच्या, त्यावर पेंढा. डोक्यावरच्या भाऱ्यानं माधुरीची मान आखडून गेली, नुसती चोळत बसायची. होडीचंही तसंच. काठाला येताना बूड खरवडत येई. साहेबराव गाळाला शिव्या घालत, आणि वाडीतले लोक मागं कुजबुजत, की म्हाताऱ्याला आता दिसत नाही.

एका सोमवारी व्हायचं ते झालं. अजित पुढं चालला होता, मागं माधुरी पिशवी घेऊन. कारवीचा थर त्याच्या पायाखाली सरकला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. तोल सावरायला त्यानं डावा हात टेकला. त्याच हाताची शीर शस्त्रक्रिया करून जोडून फुगवलेली होती, तिच्यात मशीनच्या सुया टोचत. त्या हातानं साधी कळशीही उचलायची त्याला बंदी. माधुरीनं पिशवी टाकून आधी तो हात वर उचलून धरला. सरूबाई धावत आली, साहेबराव होडी सोडून आले, आणि तिघांनी त्याला काखेत हात घालून उपसून काढला. एक चप्पल आत राहिली. मग साठीच्या बापानं बत्तीस वर्षांच्या पोराला पाठीवर घेतला आणि होडीपर्यंत नेला. अजितनं बापाच्या खांद्यावर तोंड लपवलं. त्याला रडू येत होतं की लाज वाटत होती, ते सरूबाईला मागून कळलं नाही, पण तिला स्वतःला मात्र रडू आलं आणि तिनं ते गिळलंही नाही.

त्या दिवशी अजित एका चपलेनं दवाखान्यात गेला. दाराशी असलेल्या माणसानं त्याला आधी बाहेरच्या नळावर पाय धुवायला लावले, सगळ्यांच्या देखत. हे माधुरीनं संध्याकाळी चुलीपुढं बसून सांगितलं. हात बरा होता, नशीब. पण डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर ह्या हाताचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी सरूबाई नवऱ्याला घेऊन कोंडिबाकडं गेली. मागणं छोटंसं होतं. हरभऱ्याच्या रानात जमीन घट्ट दिसते, त्याच्या कडेनं अजितला तेवढं जाऊ द्यावं, हप्त्यातनं दोन वेळा. कोंडिबा माणूस वाईट नव्हता. पण रानाचं नाव काढलं की त्याच्या अंगात यायचं. धरणात त्याचं निम्मं रान गेलं होतं, आणि हा गाळावरचा तुकडा त्याला वर्षातून चार महिने परत मिळायचा, त्यावर तो आईसारखी माया करी. तो म्हणाला, आज अजित जाईल, उद्या सगळी वाडी जाईल, परवा शेरडं शिरतील, आणि ऐन घाट्यात आलेला हरभरा जाईल. साहेबराव समजुतीनं बोलत राहिले. तेव्हा कोंडिबा म्हणाला,

"साहेबराव, वाट काढायचं काम तुमच्याकडं हाय. ती तुमाला गावंना, त्याला म्या काय करू? तुमची वाट तुमी काढा. माज्या रानात पाय घालू नगा."

साहेबरावांना ते लागलं. सरूबाईच्या मनात मात्र जुनं काहीबाही वर आलं. जुन्या गावात सरूबाईच्या सासरची वस्ती सगळ्यांच्या खालच्या अंगाला होती, आणि तिच्या सासूच्या वेळी कोंडिबाच्या लोकांच्या वरच्या आळीतून जाताना बाजूनं जावं लागे. ते दिवस गेले, कोंडिबाची बायको सगुणाबाई आता तिच्या चुलीपाशी बसून चहा पिते. तरी पण पाय घालू नगा हे वाक्य तिला दिवसभर सलत राहिलं.

बुधवारी ती एकटीच गाळात उतरली. अजितची चप्पल शोधायला असं तिनं सांगितलं, पण खरं तर तिला घरात बसवेना. उद्या गुरुवार. लुगडं गुडघ्यावर खोचून, हातात वासा घेऊन ती अजित रुतला होता तिथं आली आणि पायानं चाचपू लागली. चिखल थंड होता. बराच वेळ चप्पल लागली नाही. मग तळव्याला काहीतरी सपाट, कठीण लागलं. तिला वाटलं, आलीच वाट. पाय फिरवला तर दगडाला बारीक बारीक खाचा लागल्या, टाकी लावलेल्या. वाटेच्या दगडाला कोण टाकी लावतो? ती तिथंच उभी राहिली. पुन्हा पाय फिरवला. एका बाजूनं तुटलेली कड. आणि तिला एकदम कळलं की आपण कशावर उभ्या आहोत.

तो तिचाच पाटा होता. लग्नानंतर माहेरून आणलेला, दुसऱ्याच वर्षी फुटला तेव्हा सासूनं तिला आठ दिवस बोल लावला होता. साहेबरावांनी तो उचलून नेऊन आपल्या भाताच्या खाचराच्या बांधाला, पाणी सोडायच्या मोरीवर झाकण म्हणून बसवला. पुढं कितीतरी पावसाळे ती त्या मोरीशी बसून पाय धूत आली होती. म्हणजे ही गाडीवाट नव्हतीच. हे त्यांचंच खाचर, जन्मभर चिखलणी करून मऊ केलेलं. माणूस रुतणार नाही तर काय होईल इथं?

पण खोड तर तिथं जवळच होतं. सरूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. जन्मभर पाहिलेली वस्तू माणूस नीट बघतच नाही. खोडाच्या मुळ्या मातीत नव्हत्याच, एका अंगाला उघड्या, वर आलेल्या. मग तिला गेल्या उन्हाळ्यातला जेसीबी आठवला. शेतात टाकायला गाळ न्यायचा म्हणून आला होता, दिवसभर धूळ उडवून गेला. त्यानंच ढकललेलं असणार. खोड सरकलं होतं गाडीवाटेच्या पलीकडं, आपल्याच खाचराच्या अंगाला, आणि शहाणीसुरती दोन म्हातारी माणसं त्याच्यावरून आपापली हद्द मोजत बसली होती.

तिनं साहेबरावांना हाक मारून बोलावलं. त्यांना आधी पटेना. खोड कसं सरकेल, म्हणाले. तुला काय कळतं, असंही म्हणाले. मग तिनं त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं आणि त्यांचा पाय पाट्यावर ठेवला. साहेबरावांनी पाय फिरवला, तुटकी कड चाचपली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"माजंच खाचर," ते म्हणाले. "मलाच वळखू आलं न्हाई, सरू."

एरवी सरूबाईनं त्यांना सोडलं नसतं, पण त्या वेळी तिला त्यांची दया आली. ती चिखलानं भरलेल्या पायांनीच वर निघाली, ती थेट हरभऱ्याच्या बांधावर. सगुणाबाई तिथं गवत काढत बसली होती. दोघींनी एके काळी एकमेकींच्या खाचरात भातलावणी केलेली. सरूबाईनं सगळं सांगितलं, पाट्याचं, खोडाचं, जेसीबीचं. सगुणाबाई ऐकत राहिली. मग खुरपं खाली ठेवून तिनं रानाकडं बोट केलं. खोडाच्या अंगाला, वरपासून खाली पाण्यापर्यंत, गाडीच्या रुंदीचा एक पट्टा होता. बाकीचा हरभरा हिरवागार, गुडघ्याला लागेल असा, आणि ह्या पट्ट्यातला खुजा, पिवळट.

"म्या म्हनलं, हितं खत कमी पडलं," सगुणाबाई म्हणाली. "ह्येंनी दोन डाव टाकलं बी. ट्रॅक्टरवाला बी म्हनत व्हता, हितं फाळ घसरतुया."

तिनंच घरून पहार आणली. सरूबाईनं पट्ट्यात पहार मारली. वीतभर गाळ, आणि खाली खणकन वाजलं. दुसरीकडं मारली, तिथंही वाजलं. तेवढ्यात कोंडिबा वरून येताना दिसला. आपल्या उभ्या पिकात पहार घेऊन दोन बाया, म्हटल्यावर तो तरातरा आला. सगुणाबाईनं पहार त्याच्या हातात दिली.

कोंडिबानं पट्टाभर पहार मारली. वरून खालपर्यंत. प्रत्येक वेळी तेच वाजत होतं. शेवटी तो खाली कडेला बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सरूबाईला वाटलं होतं तो भांडेल, आणि भांडायची तिनं तयारी केली होती. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, पाय घालू नगा याचं उत्तरही. पण तो नुसता हरभऱ्याकडं बघत होता. पट्टा पिकाच्या अगदी कडेला नव्हता, त्याच्या दोन्ही अंगांना हिरवा हरभरा होता. वाट काढली तर दोन्ही अंगांनी ढोरं शिरणार हे त्याला दिसत होतं, आणि तिलाही दिसत होतं. ती नरमली.

"भाऊजी," ती म्हणाली, "उद्या गुरुवार हाय. मला दुसरं काय नको."

कोंडिबानं मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही. टोपी घालून तो निघून गेला.

गुरुवारी सकाळी साहेबरावांनी दाराचं एक फळकूट काढून ठेवलं होतं. वाट नाही मिळाली तर अजितला त्यावर बसवून तिघांनी न्यायचं. अजितला ते पसंत नव्हतं. आपण काय प्रेत आहोत का, असं तो म्हणाला, आणि माधुरी त्याच्यावर पहिल्यांदाच ओरडली. अशी ती चौघं उतरणीला लागली. धुकं विरत होतं. खाली हरभऱ्याच्या रानात दोन माणसं वाकलेली दिसली.

कोंडिबा आणि सगुणाबाई होती. पट्ट्यातला सगळा हरभरा त्यांनी उपटलेला होता, वरपासून खालपर्यंत गाडीची रुंदी मोकळी, आणि फावड्यानं वरचा गाळ ओढून काढल्यावर जुना लाल मुरूम उघडा पडला होता. पाण्याजवळ, जिथं वाट थोडी खचून ओली झाली होती, तिथं पोचता पोचता खुजा हरभरा संपला होता. म्हणून कोंडिबा आता बाजूचा हिरवा, घाट्यांनी लगडलेला हरभरा उपटत होता आणि त्याच्या पेंढ्या चिखलावर आडव्या टाकत होता. वर पाहिलं नाही त्यानं. साहेबराव फळकूट टाकून पुढं झाले आणि त्याच्या शेजारी उपटू लागले. दोघांचे हात हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबेनं चिकट झाले होते.

"वल्ल्या जागंला आजून एक थर टाका," साहेबराव एवढंच म्हणाले.

"टाकतो की," कोंडिबा म्हणाला.

अजित चालत उतरला. नवी चप्पल, डावा हात छातीशी धरलेला, उजवा माधुरीच्या खांद्यावर. मुरमावर पाय वाजत होते. सरूबाई मागून त्याच्या टाचांकडं बघत चालली होती, आणि टाचा कोरड्या होत्या. खाली हिरव्या थरावर आल्यावर तो थबकला. एवढ्या चांगल्या पिकावर पाय देणं त्याला जड जात होतं. शेतकऱ्याच्या पोटचं पोर, जाणारच.

"चल," कोंडिबा म्हणाला. "त्येच्यासाठीच टाकलाय."

होडी कोंडिबानं ओढ्याच्या जुन्या उताराशी आणून लावली होती. तिथं काठालाच पाणी खोल होतं, बूड खरवडलं नाही. अजित आत बसला तसा कोंडिबानं हातातला एक डहाळा त्याच्या मांडीवर टाकला, लहानपणी टाकायचा तसाच. हरभरा अजितला चालत नव्हता, डॉक्टरांनी साफ बंद केला होता, आणि हे कोंडिबाला कुठून माहीत असणार. सरूबाई बोलायला गेली. अजितनं तिच्याकडं पाहून मान हलवली, नको म्हणून.

"घाटे भरल्यात, काका," तो म्हणाला.

साहेबरावांनी वल्ही मारली. होडी सरळ गेली, ओढ्याच्या रेषेनं, कुठं न अडता. सरूबाई काठावर उभी राहून बघत होती. मध्यावर गेल्यावर अजितनं एक घाटा सोलला, आणि बापाचे दोन्ही हात वल्ह्यांवर होते म्हणून दाणा त्यांच्या तोंडात घातला. मग दुसरा सोलला, तो माधुरीला. मग पुन्हा बापाला. स्वतः एकही खाल्ला नाही. साहेबराव चावत होते आणि वल्हवत होते.

तिनं डोळे पुसले आणि कोंडिबाकडं वळली. तो उरलेल्या हरभऱ्याकडं बघत नव्हता, पाण्याकडं बघत होता.

"सोमवारपातुर पानी आजून खाली जाईल, वहिनी. वाट आजून खाली न्याया लागंल," तो म्हणाला, आणि हरभऱ्याच्या पुढच्या झाडाला हात घातला.